हात न लावलेलं रिव्हॉल्व्हर

त्या पेटीला हात लावायचा नाही, हा हाउगनांच्या घरातला पहिला कायदा होता. दुसरा कायदा जेवणाआधीच्या प्रार्थनेचा. पण ती एखाद्या दिवशी राहिली तरी खपायचं.

पेटी झोपायच्या खोलीत, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर. आत निळी मखमल आणि मखमलीत निवांत पहुडलेलं चव्वेचाळीस कॅलिबरचं जुनं, भलं मोठं रिव्हॉल्व्हर. ऑर्व्हल हाउगनने ते घेतलं त्या वर्षी वासरांना बरा भाव आला होता आणि त्याच्या बायकोने, आर्लिसने, नवा ओव्हन मागितला होता. जुन्याचं दार बंद राहत नसे; ती त्याला झाडूचा दांडा टेकवून पाव भाजायची. ऑर्व्हल ग्रेट फॉल्सला गेला आणि ओव्हनऐवजी ही पेटी घेऊन आला.

"ओव्हन काय, पुढच्या वर्षी येईल," तो म्हणाला. "ही आपली म्हातारपणाची काठी आहे, आर्लिस. एकही गोळी झाडलेली नाही यातून. चक्रीसुद्धा कुणी फिरवलेली नाही. सहा काडतुसांची ही चक्री फिरली ना, की खालची खीळ घासते आणि गोल चरा उमटतो. चरा उमटला की संपलं. जपलं तर सोनं आहे हे."

मग त्याने जपलं. रविवारी पाहुणे आले, सफरचंदाचा पाय खाऊन झाला, की ऑर्व्हल पांढरे सुती हातमोजे चढवायचा, पेटी आणायचा आणि झाकण उघडायचा. कुणी वाकून बघायला लागलं की लगेच मिटायचा. "श्वासाने गंज चढतो," म्हणायचा. एकदा फळी पुसताना आर्लिसने ते उघड्या हाताने उचललं, तर हा गृहस्थ संध्याकाळभर फडक्याने तिच्या बोटांचे ठसे पुसत बसला. बोलला काही नाही. पण पुढे वर्षभर आल्यागेल्याला सांगत सुटला, की बायकांचे हात घामट असतात. ती शेजारी उभी राहून कॉफी ओतत असायची. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण कॉफी कधी सांडली नाही.

तसं बंदुकीचं तिला नवीन नव्हतं. बापाने तिला लहानपणीच कुंपणावरचे डबे पाडायला शिकवलं होतं. लग्नानंतर घूस, घाण वास सोडणारा स्कंक असलं काही कोंबड्यांत शिरलं तर बापाची छोटी बंदूक ती वापरायची, त्याला ऑर्व्हलची ना नव्हती. मोठ्या हत्याराची गोष्ट निघाली की मात्र त्याचं ठरलेलं उत्तर: "तुला कशाला? मी आहे ना."

आणि फेब्रुवारीत, गुरांच्या हौदावरचा बर्फ फोडता फोडता, तो राहिला नाही.

उन्हाळा कसाबसा गेला. सप्टेंबरात अस्वल आलं. पूर्वी ही ग्रिझली अस्वलं डोंगरात असायची. आता नदीकाठच्या झाडीतून थेट गव्हाच्या शेतांपर्यंत उतरतात. आर्लिसच्या अंगणातल्या मधमाश्यांच्या पेट्या त्याने पत्त्यांसारख्या उधळल्या आणि खुराड्याचा एक कोपरा उचकटून टाकला. वनखात्याचा माणूस आला, विजेची तार ओढून गेला, तिखटाच्या फवाऱ्याचा डबा देऊन गेला. फवारा चांगलाच असतो. पण आमच्याकडचा वारा ज्याला ठाऊक आहे तो फवारा मारण्याआधी पाठ कुठे करायची याचा विचार करतो. अर्ध्या वेळा तो अस्वलाला चुकतो आणि आपलेच डोळे झोंबवतो.

स्पोकेनहून लेकीचा, कार्लाचा, फोन आला. "आई, एक तर तुला झेपेल, नीट चालवता येईल असं काहीतरी कमरेला लाव, नाहीतर माझ्याकडे राहायला ये. मला रात्री झोप लागत नाही." कार्लाच्या इमारतीत लिफ्ट होती, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची, आणि कोंबड्या पाळायला बंदी होती. आर्लिसने फोन ठेवला आणि कपाटाशी खुर्ची सरकवली. घर सोडायचं नव्हतं, म्हणजे हातात हत्यार हवं होतं, आणि अस्वल परत येण्याआधी हवं होतं.

गावात सगळ्यांचं मत एकच. जुनं विकून टाक. त्याच कंपनीने आता अगदी तसंच नवं काढलंय, जुन्या घाटाचं. तीच नळी, तीच लाकडी मूठ, तीच निळसर काळी झिलई. कोरं जुनं देऊन नवं घे, वर उरतील त्यात छप्पर होईल. आर्लिसलाही ते पटलं होतं. पटलं नव्हतं इतकंच, की नवऱ्याची म्हातारपणाची काठी वापरायची ती मोडूनच.

विलो फोर्क गावात हत्यारांचं दुकान एकच, रॉयस टँडबर्गचं. तिथे खरेदी करणारे थोडे आणि फुकट कॉफी पिणारे जास्त. शनिवारी सकाळी आर्लिस पेटी काखेत मारून आत शिरली तेव्हा कॉफीच्या किटलीशी नेहमीची टोळी होती, आणि टोळीत डेल्बर्ट विकम होता. डेल्बर्ट म्हणजे हाउगनांचा शेजारी आणि ऑर्व्हलचा जिवाभावाचा दोस्त. त्याने पेटी पाहिली आणि कपात तोंड खुपसलं.

"या, हाउगनबाई," रॉयस म्हणाला. लहानपणी तो चर्चच्या रविवारच्या शाळेत आर्लिसच्या हाताखाली शिकला होता. आता पन्नाशीला आला तरी तिच्यापुढे पाठ ताठ करूनच उभा राहायचा. "तुमच्यासाठी काढूनच ठेवलंय."

त्याने काचेखालून नवं रिव्हॉल्व्हर काढलं, चक्री बाहेर पाडून रिकामी असल्याचं दाखवलं आणि तसंच उघडं तिच्या हातात दिलं. आमच्याकडे हत्यार असंच देतात. आर्लिसने स्वतः सहाही भोकांतून उजेड पाहिला, मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चक्री हळूच आत ढकलली. मनगटाला झटका देऊन खाडकन मिटवणारे पुष्कळ असतात; सिनेमात तसंच करतात आणि त्यानेच सांधा वाकतो. किटलीशी बसलेल्या टोळीने एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या.

"चाप ओढून बघू?"

"बघा की. विचारलंत म्हणून अजून बरं वाटलं."

तिने भिंतीकडे धरून ओढला. गुळगुळीत होता. वजनही हाताला बरं वाटलं. मग तिला मुठीच्या वर, डाव्या अंगाला, एक बारीक भोक दिसलं.

"हे काय? कुणी कुरतडलंय का?"

टोळी फिसकन हसली.

"ते कुलूप आहे, बाई," रॉयस म्हणाला. "किल्ली फिरवली की घोडा हलत नाही. घरात लहान मुलं असतात ना, म्हणून."

"माझ्या घरात आता कोंबड्या असतात. आणि किल्ली मी कुठे ठेवायची? अस्वलाला म्हणायचं, दादा, थांब जरा, ॲप्रनच्या खिशात बघते?"

"उघडंच ठेवायचं. कुणी वापरत नाही ते."

"कुणी वापरत नाही, मग लावलं कशाला?"

"जुन्यात ते नाही म्हणून तर लोक जुन्याच्या मागे असतात," कॉफीवाल्यांतला एक म्हणाला.

"आणि जुनं घेऊन काय करतात?"

"ठेवतात."

"वापरत नाहीत?"

"छे! वापरलं तर किंमत जाईल."

आर्लिसने नवं रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं. "म्हणजे जुनं चांगलं, म्हणून त्याला हात लावायचा नाही. आणि हात लावायचा म्हणून हे जुन्याचं सोंग घेतलेलं नवं. तुम्हां पुरुषांना कुणी जाब विचारत कसं नाही रे?"

रॉयसने घाईघाईने पेटी पुढे ओढली. आणि मग त्याने खणातून पांढरे सुती हातमोजे काढले.

"तूसुद्धा?" आर्लिस म्हणाली.

"पद्धत आहे, बाई. तुम्ही जरा मागे..."

"मागे? रॉयस टँडबर्ग, ही माझी पेटी आहे. माझ्या ओव्हनच्या पैशांतून आलेली. तुझ्या मानेमागचा मळ मी पाहिलेला आहे, आणि तू मला मागे व्हायला सांगतोस?"

तो कानापर्यंत लाल झाला, पण हातमोजे काढले नाहीत. मखमलीतून त्याने रिव्हॉल्व्हर उचललं तशी टोळी माना उंच करून बघू लागली. विलो फोर्कमध्ये हे रिव्हॉल्व्हर म्हणजे ऐकीव देव. दर्शन झालेले थोडे, आणि तेही ऑर्व्हलच्या स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली, क्षणभर. रॉयसने खिशातली छोटी बॅटरी पेटवली. नळीवर फिरवली, मुठीवर फिरवली, चक्रीवर आणली. आणि तिथे उजेड थांबला.

त्याने चक्री बाहेर पाडली. तिचं तोंड उजेडात धरलं. मग वरच्या पट्टीखाली, नळीच्या मुळाशी पाहिलं. मग बॅटरी विझवली.

"काय झालं?"

"बाई," तो जपून म्हणाला, "हे कोरं नाही."

"म्हणजे?"

"चक्रीवर गोल चरा आहे. आणि हे बघा, सहाही भोकांभोवती जळकी कडी. दारूच्या ज्वाळेने होतात, कितीही घासा, पूर्ण जात नाहीत. इथे पट्टीवर तर ज्वाळेने चक्क रेघ कापलीय. एखाददुसरी गोळी नाही, बाई. हे मजबूत चाललेलं आहे." त्याने घसा खाकरला. "ऑर्व्हल गेल्यावर... म्हणजे, अस्वल आलं तेव्हा वगैरे... तुम्ही..."

"मी?"

"नाही, मी फक्त विचारलं."

"मी?" आर्लिसचा आवाज असा चढला की बाहेर ट्रकमधलं कुत्रं भुंकायला लागलं. "मी ते एकदा उचललं तर त्या माणसाने माझी बोटं पुसून काढली होती! मी त्या फळीवरची धूळसुद्धा पिसाने उडवायची. मी झाडूचा दांडा लावून पाव भाजले, कारण आमचं म्हातारपण त्या मखमलीत झोपलं होतं, आणि त्याची झोप मोडायची नव्हती! आणि तू मला विचारतोस?"

एवढ्यात तिचं लक्ष दाराकडे गेलं. डेल्बर्ट विकमने कप खाली ठेवला होता आणि टोपी हातात घेऊन, पावलांचा आवाज न करता, तो दाराच्या मुठीपर्यंत पोहोचला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"डेल्बर्ट. बस खाली."

"मला जरा गवताच्या गठ्ठ्यांचं..."

"बस."

तो बसला. जवळचं स्टूल त्याला कमी उंचीचं होतं, त्यामुळे त्याचे गुडघे हनुवटीपाशी आले.

"बोल."

"काय बोलू, आर्लिस? माणूस गेलाय आता."

"माणूस गेलाय, तू आहेस. बोल."

डेल्बर्टने टोळीकडे पाहिलं. टोळीला अचानक कॉफीत फार रस वाटू लागला होता. "तुमचा तो लेफ्सा, त्या बटाट्याच्या पोळ्या, लाटायचा दिवस असतो ना चर्चमध्ये," तो सुरू झाला, "ऑक्टोबरात. सगळ्या बायका दिवसभर तिकडे. तर ऑर्व्हल सकाळी फोन करायचा. 'गेली, ये,' एवढंच म्हणायचा. मग आम्ही मागच्या घळीत जायचो. नवा आल्यावर तुझा तो जुना ओव्हन त्याने तिकडे नेऊन टाकला होता बघ. तो मांडायचो आणि... झाडायचो. काडतुसांचं एक खोकं. कधी दोन."

"दर वर्षी?"

"घेतल्या वर्षी नाही. म्हणजे, त्या वर्षी ओव्हन नव्हता, डबे होते."

लेफ्साच्या दिवशी आर्लिस दमून, कोपरापर्यंत पिठात माखून घरी यायची तेव्हा स्वयंपाकघरात बंदुकीच्या तेलाचा वास दरवळत असायचा. ऑर्व्हल हातमोजे घालून, पेटी पुढ्यात घेऊन बसलेला असायचा. "हवा दमट आहे, तेल लावून ठेवलं," म्हणायचा. आणि ती म्हणायची, बरं केलंस. दमट हवा! ज्या मुलखात ऑक्टोबरात ओठ फुटून रक्त येतं, तिथे दमट हवा! नवऱ्याचा राग आलाच, पण त्या 'बरं केलंस'चा तिला जास्त आला.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी ही तऱ्हा. पाहुण्यांसमोर पांढरे हातमोजे, आणि घळीत खोकीच्या खोकी.

"तो म्हणायचा, असलं हत्यार पेटीत मारणं हे पाप आहे," डेल्बर्ट अजिजीने म्हणाला. त्याला वाटलं, दोस्ताची बाजू थोडी सावरावी.

"असं म्हणायचा? आणि मला काय म्हणायचा ते तू ऐकलंयस. त्याच टेबलाशी बसून, माझ्या हातचा सफरचंदाचा पाय खात खात ऐकलंयस. अळीमिळी गुपचिळी! लपवलं का पण? झाडायचं होतं तर झाडायचं. मी काय त्याचा हात धरणार होते?"

डेल्बर्टने टोपी गोल गोल फिरवली.

"डेल्बर्ट."

"तो म्हणायचा, तुला कळलं तर तूही मागशील."

"मग? द्यायचं."

"तेच ना." डेल्बर्टने शेवटी मान वर केली. "ते टर्कीच्या बक्षिसाचं शूटिंग आठवतं तुला? अग्निशमन दलाच्या हॉलमागे? तुमचं लग्न ठरलं होतं तेव्हाचं?"

तिला आठवत होतं. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा शनिवार, कडक थंडी. एकेक गडी गळत शेवटी दोघंच उरली, ती आणि ऑर्व्हल. तिची गोळी खुणेच्या मधोमध लागली आणि त्याची कडेला. बक्षिसाची टर्की त्यानेच उचलून तिच्या घरी पोहोचवली होती, आणि वाटेत एक शब्द बोलला नव्हता. तिला वाटलं होतं, थंडी फार आहे.

"ते त्याला कधी विसरता आलं नाही," डेल्बर्ट म्हणाला. "घळीत दर वर्षी म्हणायचा, आणखी थोडा हात बसू दे, मग आर्लिसला आणतो एकदा. हात काही बसला नाही."

रॉयसच्या हातात अजून ते रिव्हॉल्व्हर होतं, आणि ते कुठे ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं.

आर्लिसला वाटलं होतं की या माणसाने तिला घामट हातांची समजून दूर ठेवलं, अडाणी समजून दूर ठेवलं. सहन न करण्यासारखं असलं तरी ते बायकांच्या सवयीचं होतं. पण हे भलतंच होतं. तिला येत होतं, म्हणून तिला दूर ठेवलं होतं. सगळं आयुष्य तिने एका टर्कीची शिक्षा भोगली होती, आणि शिक्षा चालू आहे हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"हाउगनबाई," रॉयस हळूच म्हणाला, "आता याला संग्राहक घेणार नाही. पण मी एक करतो. हे द्या, नवं घेऊन जा. सरळ अदलाबदल. नव्याचं पोलाद जास्त दमाचं आहे, कंपनीची हमी आहे. खरं सांगतो, तुमच्या कामाला नवंच बरं."

तो लबाडी करत नव्हता, आणि हे तिलाही कळत होतं. तिने नवं पुन्हा हातात घेतलं. छान होतं. भोकासकट छान होतं. ते तिच्याशी कधी खोटं बोललं नव्हतं, त्याने तिचा ओव्हन खाल्ला नव्हता. रागाच्या भरात ते घेऊन निघून जावं आणि जुन्याचं तोंड पुन्हा बघू नये, असं तिला फार वाटलं.

"मागे मातीचा बांध आहे ना तुझा?" तिने विचारलं. "दोन्ही झाडून बघते. मग सांगते."

रॉयसचा चेहरा पडला. "जुनं बघा की हवं तर. पण नवं... ते विकत घेतल्याशिवाय नाही झाडता येत, बाई. एकदा झाडलं की ते वापरलेलं होतं. मग किंमत..."

त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि तो थांबला. पण बोलून चुकला होता.

"हीच साथ पसरलीय तुमच्या गावात!" आर्लिस कडाडली. "नवं झाडायचं नाही, कारण ते नवं आहे! जुनं झाडायचं नाही, कारण ते जुनं आहे! मग झाडायचं काय, तोंडाच्या वाफा? आण ते इकडे!"

तिने त्याच्या हातून जुनं रिव्हॉल्व्हर घेतलं. उघड्या हाताने. चारी बोटं, अंगठा, तळवा, सगळं त्या झिलईवर दाबून. तिच्या मनात आलं, उमटू देत ठसे.

"या नळीत चालणारी हलक्या दमाची काडतुसं असतात, ती दे. दोन खोकी. एक कमरेचा पट्टा दे, चामड्याच्या म्यानाचा. कानांवर लावायचं ते दे. आणि डेल्बर्ट, गाडीत बस. मला ती घळ दाखव."

"आत्ता?"

"नाही, लेफ्साच्या दिवशी! चल ऊठ."

पेटी काउंटरवरच राहिली होती. रॉयसने ती उचलून तिच्यामागे धावत दिली, तर तिने दारातूनच हात हलवला. "तुला असू दे. त्यात तुझे हातमोजे ठेव."

घळ घरापासून हाकेच्या अंतरावर होती. ती मात्र तिथे वर्षानुवर्षं गेली नव्हती, कारण तिथे मोडकंतोडकं टाकतात आणि साप निघतात, असं तिला सांगण्यात आलं होतं. गाडी वर उभी करून दोघं उतरली. वारा नेहमीसारखा होता. खाली, करड्या मातीच्या उतारापुढे, तिचा ओव्हन उभा होता.

तिने लगेच ओळखला. पांढरा रंग पुष्कळसा उडाला होता, एक पाय दगडावर टेकवला होता, पण दार तेच, न लागणारं, अजून बोटभर उघडं. ती जवळ गेली. ओव्हनला भोकं होती; डाव्या कुशीला होती, वर होती, पायाशी होती. मागच्या उताराची तर चाळण झाली होती. दारावर मधोमध कुणीतरी लाल रंगाने एक गोल काढला होता. त्या गोलात एकही भोक नव्हतं.

"इतक्या वर्षांत एकही नाही?" तिने विचारलं.

"एकदा वाटलं होतं लागलं म्हणून," डेल्बर्ट म्हणाला. "पण तो जुना पोचा निघाला. तुझाच असेल, तव्याचा वगैरे."

"तू?"

"माझं राहू दे. मी चष्मा घरी विसरायचो."

"कुठून मारायचा तो?"

डेल्बर्टने एक सपाट दगड दाखवला. तिथे पायाखालची माती तुडवून टणक झालेली होती, आणि दगडाच्या खोबणीत पितळेची दोन रिकामी काडतुसं काळी पडली होती. आर्लिस तिथे उभी राहिली. पाय जरा फाकवले. चक्रीत काडतुसं भरली, अंगठ्याने ती मिटली, कान झाकले. दोन्ही हातांनी मूठ धरली. मूठ गुळगुळीत होती, आणि एका जागी, जिथे अंगठा टेकतो तिथे, लाकूड खोलगट झिजलेलं होतं. तिचा अंगठा तिथे बसला.

पहिली गोळी उंच गेली. मातीची धूळ उडाली आणि वाऱ्याने तिच्याच तोंडावर आणली. तिने हात खाली घेतले, श्वास सोडला आणि पुन्हा धरलं. बापाचा आवाज आठवला, ओढू नकोस, दाबत जा, कधी सुटली हे तुझं तुलाच कळू नये.

दुसऱ्या गोळीला ओव्हनच्या दारातून टण्ण असा आवाज आला, कान झाकलेले असूनही तिला ऐकू गेला. तिसरीलाही आला. नंतर तिने मोजलं नाही. चक्री रिकामी झाली आणि डेल्बर्ट धापा टाकत खाली गेला, वाकला, आणि बराच वेळ उठलाच नाही.

"काय रे?"

"आर्लिस," तो तिथूनच ओरडला, "पहिली सोडली तर सगळ्या गोलात आहेत!"

तिने कान उघडे केले. कार्लाला फोन करायचा, की मी इथेच आहे, लिफ्ट तुझी तुला लखलाभ. रात्री खुराड्याकडे जाताना पट्टा लावायचा. हे सगळं आता ठरल्यासारखंच होतं, आणि तिला आनंद व्हायला हवा होता. पण राग काही उतरेना. उलट चढला.

"गाढवा!" ती ओरडली. डेल्बर्ट दचकून उभा राहिला.

"मी काय केलं?"

"तुला नाही."

ती त्या टणक मातीवर उभी होती, आणि तिला दिसत होतं, की शेजारी आणखी एका माणसाला उभं राहायला जागा आहे. ती मुद्दाम नेम चुकवून त्याला जिंकू देणारी बाई नव्हती, कधीच नव्हती. तिने त्याला दर वर्षी हरवलं असतं. तो दर वर्षी घरी जाताना गप्प झाला असता. मग तिने कॉफी ठेवली असती, आणि तो म्हणाला असता की वारा होता, आणि ती म्हणाली असती की वारा काय फक्त तुझ्याच वेळी येतो. एवढंच झालं असतं. एवढ्याला घाबरून त्या माणसाने एवढी वर्षं वाया घालवली.

तिने रिकामी काडतुसं तळहातावर पाडली. अजून गरम होती. त्या खोबणीत, त्याच्या दोन काळ्या काडतुसांशेजारी, तिने ती एकेक करून ठेवली.

"वर ये, डेल्बर्ट," ती म्हणाली. "आणि पुढच्या शनिवारी चष्मा घेऊन ये. हरवायला मला समोर कुणीतरी लागेल."